पुसट टिंबं

टिंबकाका त्या दिवशी माझ्याकडे आले ते बोटांना लावायचं मलम मागायला.

सकाळची गर्दी ओसरली होती. औषधं देणाऱ्या आमच्या बाईंनी दोघांना आत आणलं, काकांचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला आणि काकूंना शेजारच्या बाकावर बसवलं. काका-काकू दोघंही अंध. काकू जन्मापासून, काकांचे डोळे नवव्या वर्षी एका तापात गेले. काका ब्रेल छापखान्यात प्रूफं तपासायचे. म्हणजे जाड कागदावर उठवलेल्या टिंबांच्या ओळी बोटांनी वाचायच्या आणि चुका काढायच्या. सहा टिंबांच्या सहा जागा. त्यांतली कुठली उठलेली आणि कुठली सपाट, यावर अक्षर ठरतं. एक टिंब हुकलं की शब्द बदलला. छापखान्यात सगळे त्यांना टिंबकाका म्हणत, आणि ते नाव आमच्या दवाखान्यापर्यंत कधी येऊन पोहोचलं ते कुणालाच आठवत नव्हतं. काकू एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण आवाजातली 'बोला, कोण हवंय' ही धार काही गेली नव्हती.

"मलम कशासाठी, काका?"

"बोटांची कातडी राठ झालीय, डॉक्टरबाई. टिंबं नीट लागत नाहीत."

मी त्यांची बोटं हातात घेऊन पाहिली. आयुष्यभर कागदावरून फिरलेली ती बोटं कुठे राठ, कुठे भेगाळलेली असतील असं वाटलं होतं. पण कातडी अगदी मऊ होती.

"कातडी तर लोण्यासारखी आहे."

काकांनी बोटं परत ओढून घेतली.

"अहो, सांगा की सगळं," काकू बाकावरून म्हणाल्या. "मशीनचं सांगा. त्या मेकॅनिकचं सांगा."

मग हळूहळू बाहेर आलं. तीन-चार महिन्यांपासून छापखान्यातली पानं काकांना पुसट लागत होती. टिंबं पूर्ण उठत नाहीत, अशी तक्रार त्यांनी लावून धरली. मेकॅनिक दोनदा आला. पहिल्यांदा त्यानं मशीन उघडून साफ केलं, दुसऱ्यांदा दाब वाढवला, इतका की काही कागद फाटले. तरी काकांचं समाधान होईना. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर कामचुकार म्हटलं. शेजारच्या टेबलावर प्रूफं वाचणारी तरुण मुलगी मात्र तीच पानं झरझर वाचत होती. शेवटी मॅनेजरनं काकांना केबिनमध्ये बोलावून घेतलं, चहा मागवला आणि म्हटलं, काका, खूप केलंत, आता थोडी विश्रांती घ्या.

"चहा पाजून घरी पाठवतोय मला," काका म्हणाले. "अठ्ठावन्नाव्या वर्षी."

त्यांनी कापडी पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

"हा या आठवड्यात छापलेला. आणि हा बारा वर्षांपूर्वीचा, मी स्वतः पास केलेला. जरा हात फिरवून बघा."

मी दोन्हींवरून बोटं फिरवली. वाचता येत नसलं तरी टिंबं कळतात.

"मला तर दोन्ही सारखेच लागतायत. ठसठशीत."

"मलाही दोन्ही सारखेच लागतात," काका म्हणाले. "दोन्ही पुसट. काल संध्याकाळी कळलं. म्हटलं नवं वाचून डोकं उठलंय, घरातलं जुनं पुस्तक काढू. तर तेही पुसट. पुस्तक कपाटात बसल्या बसल्या पुसट होत नाही ना हो?"

"मी लगेच त्याच पानावर हात फिरवला," काकूंचा आवाज खाली आला होता. "होती तिथेच आहेत टिंबं."

"म्हणजे कागद नाही, मशीन नाही, तो बिचारा मेकॅनिकही नाही," काका म्हणाले. "बिघाड माझ्यात आहे. म्हणून मलम द्या म्हटलं."

मी उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खिडकीतून येणारा उजेड सरळ त्यांच्यावर पडला होता. चेहरा फिकट होता, आणि त्या फिकेपणात किंचित पिवळी झाक होती, जुन्या कागदासारखी. ही झाक एका दिवसात येत नाही. मी वर्षभरात त्यांना दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळी ती माझ्या नजरेतून सुटली होती. घरात तर ती पाहणारं कुणीच नव्हतं.

मी त्यांचं कार्ड काढलं. आठ महिन्यांपूर्वी ते थकवा आला म्हणून आले होते. मी बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिलं होतं. ते नऊवर होतं. लोहाच्या आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तीन महिने लिहून दिल्या होत्या आणि पालेभाजी खा म्हणून सांगितलं होतं. रक्त कमी का झालं, हे विचारलं नव्हतं. नंतर त्यांना बरं वाटू लागल्याचा निरोप आला आणि मी समाधानी झाले. आमच्या बाईंनी गोळ्या पुढे चालू ठेवल्या. चार महिन्यांपूर्वी ते फुटपाथवरून उतरताना पडले. मी गुडघ्याला पट्टी बांधली आणि 'जपून चाला' म्हटलं. आंधळा माणूस पडला तर त्यात शोधण्यासारखं काय, असं मी मनात बोललेही नसेन. पण वागले तशीच.

"काका, मलम देत नाही. आज सगळं तपासते. वेळ आहे ना?"

"मला कुठे जायचंय? मशीन दुरुस्त झालंय," ते म्हणाले.

खालची पापणी ओढून पाहिली. आतली कड फिकी होती. जीभ बाहेर काढायला सांगितली आणि तिथेच थबकले. जीभ लालभडक होती आणि गुळगुळीत. तिच्यावरचा नेहमीचा खरखरीतपणा पार गेला होता.

"जेवताना जीभ झोंबते का?"

"तिखट सोडलंय मी हल्ली."

"मला सांगितलं नाहीत!" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या हातचं आवडेनासं झालं. गेले सहा महिने मी भाजीत काय काय बदलून पाहतेय!"

"अगं, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मग आता बरं वाटतंय का मला?"

मी काकांना बूट काढायला लावले. बूट नवे कोरे होते. वर्षात दुसऱ्यांदा घेतले, असं काकूंनी सांगितलं, कारण जुन्यांचा तळ मऊ झाला, कापसावर चालल्यासारखं वाटतं, अशी यांची तक्रार. नव्या बुटांचाही तळ पंधरा दिवसांत मऊ झाला म्हणे.

मी कपाटातून ट्यूनिंग फोर्क काढला. तो दोन शिंगांचा लोखंडी काटा असतो. आपटला की थरथरतो, आणि हाडावर टेकवला की ती थरथर पेशंटला जाणवते. मी तो काकांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"कळतंय काही?"

"हो, चालू आहे."

"आता?"

"चालू आहे. आता बारीक झाला. आता बंद."

सगळं बिनचूक. मी दुसऱ्या पायाला लावला, तरी बिनचूक. क्षणभर वाटलं, आपला अंदाज चुकला. मग काकू बाकावरून म्हणाल्या, "मलाही इथे ऐकू येतोय तो. गुणगुणतोय."

मी कपाळाला हात लावला. हा माणूस पायानं नाही, कानानं उत्तरं देत होता. आणि त्यात त्याची काही लबाडी नव्हती, मी पायाला विचारतेय की कानाला हे मीच सांगितलं नव्हतं. मी बाईंना कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ जोरात सोडायला सांगितला आणि पुन्हा काटा टेकवला.

"आता?"

"लावलाय का?" काकांनी विचारलं.

काटा जोरात थरथरत होता. घोट्यावरही त्यांना तो कळला नाही. गुडघ्यावर कळला. मग मी अंगठा दोन बोटांत धरून वर-खाली केला आणि कुठल्या दिशेला नेला ते विचारलं. दहापैकी सहा वेळा चुकले. बोटांच्या टोकांवर कापसाची वात फिरवली तर डाव्या हाताला अर्धवट कळली, उजव्याला नाहीच.

"उभे राहा. पाय जुळवा. आता डोळे..." मी बोलता बोलता थांबले. डोळे मिटल्यावर तोल जातो का हे पाहायची ती ठरलेली परीक्षा, वीस वर्षं तोंडात बसलेली.

काका हसले. "मिटतो की. तुमच्या समाधानासाठी."

डोळे उघडे असतानाच ते झुलत होते. डोळस माणसाच्या पायांची जाणीव गेली तर निदान जमीन दिसते, तोल सावरता येतो. काकांना जमीन फक्त पायांनी कळायची, आणि पायांनी कळवणं बंद केलं होतं. त्या पायांनी हा माणूस रोज छापखान्यात जाऊन येत होता.

त्याच दिवशी रक्त लॅबला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन साडेदहा, म्हणजे आधीपेक्षा थोडं चढलेलंच. एवढाच आकडा पाहून कुणी म्हटलं असतं, सुधारतंय. पण तांबड्या पेशींचा आकार नेहमीपेक्षा बराच मोठा होता. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. इथे उलट होतं. दोन दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला. बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच.

मी दोघांना बोलावून घेतलं. आधी माझी चूक सांगायची, मग बाकीचं, असं ठरवलं होतं, नाहीतर बाकीच्याच्या आडोशाला ती राहून गेली असती.

"काका, आठ महिन्यांपूर्वी मी तुम्हाला गोळ्या दिल्या. त्यांतल्या फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त थोडं सावरलं, म्हणून थकवा कमी झाला. पण तुमच्यात कमी होतं ते दुसरंच, बी-बारा. ते रक्तालाही लागतं आणि नसांनाही. माझ्या गोळ्यांनी रक्ताची तक्रार बंद केली, आणि नसा तशाच झिजत राहिल्या. तेव्हाच पूर्ण तपासणी केली असती तर बोटं एवढी गेली नसती."



"म्हणजे मी मेकॅनिकला जे म्हणालो ते तुम्हाला म्हणायला हवं होतं," काका म्हणाले.

"हो."

"कामचुकार हा शब्द जरा जास्त होतो तुमच्यासाठी," त्यांनी थोडा विचार केला. "घाईखोर म्हणतो."

"म्हणा."

काकूंना ते एवढ्यावर मिटवणं पसंत नव्हतं. "मी काही हसण्यावारी नेणार नाही," त्या म्हणाल्या. "यांची बोटं म्हणजे यांचे डोळे आहेत. परत येतील का ते सांगा."

"काही येतील. किती, ते मला आज सांगता येत नाही. जे यायचं ते साधारण सहा महिन्यांत येतं. त्यानंतर फारसं नाही. खोटं सांगणार नाही."

काकूंनी मान हलवली. राग गेला नव्हता, पण पुढचं ऐकायला त्या तयार झाल्या होत्या.

आता मी तो प्रश्न घेतला जो आठ महिन्यांपूर्वी घ्यायला हवा होता. बी-बारा कमी झालं, पण का? अंडी, दूध, मासे? सगळं खातात. दारू? काकूंनीच उत्तर दिलं, "मला वास येतो. शंभर फुटांवरून." मधुमेहाच्या, पित्ताच्या गोळ्या? नाहीत. पोटाचं ऑपरेशन? नाही. जुलाब, वजन उतरणं? तसंही काही नाही.

"घरात कुणाला असं काही? आईवडील, भावंडं? रक्त कमी, थायरॉइड, अंगावर पांढरे डाग, चालताना तोल जाणं?"

काका काठीची मूठ अंगठ्यानं घासत राहिले.

"आई," ते म्हणाले. "मी अंधशाळेत होतो, लांब. वसतिगृहात राहायचो. सुट्टीत घरी यायचो तर आई दर वेळी थोडी कमी झालेली असायची. आधी चालताना भिंत धरायची. मग अंथरूणच धरलं. शेवटी शेवटी बोलायचीही असंबद्ध. मला जवळ घेऊन माझ्याच काकाच्या नावानं हाक मारायची. मी सतरा वर्षांचा असताना गेली. सगळे म्हणायचे, पोराच्या डोळ्यांचा घोर लागला तिला, त्यातच खंगली. मावशा म्हणायच्या, शेजारी म्हणायचे. माझ्यासमोरच म्हणायचे, दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं वाटतं लोकांना."

"तिचं रक्त कुणी तपासलं होतं?"

"कशाला तपासतील? कारण तर घरातच बसलं होतं ना. मी."

काकूंचा हात बाकावरून सरकत त्यांच्या खांद्यावर गेला. चौतीस वर्षांच्या संसारात हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

मी शब्द जपून वापरले. एक आजार असा असतो, म्हणाले, ज्यात शरीर स्वतःच्याच जठराशी वैर धरतं. मग कितीही चांगलं खाल्लं तरी बी-बारा अंगी लागत नाही. तो कधी कधी एकाच घरात दोघातिघांना होतो. रक्त जातं, पाय जातात, उपचार नाही झाले तर मनही भरकटतं. तुमची तपासणी करू. तुमच्यात तो निघाला, तर आईलाही तोच असण्याची शक्यता बरीच आहे. पण ती आता तपासायला नाही. त्यामुळे 'असेल' एवढंच मी म्हणू शकते, 'होता' म्हणता येणार नाही.

"'असेल' चालेल," काका म्हणाले. "आजवर 'असेल'सुद्धा नव्हतं."

तपासणीचे निकाल यायची वाट पाहत इंजेक्शनं थांबवण्यात अर्थ नव्हता. रक्ताचा नमुना घेतला आणि पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं. मी कुपी फोडताना काकांनी विचारलं, "कसलं असतं हे? पांढरं पाणी?"

"नाही, तांबडं आहे. छान तांबडं."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "तांबडं? कसलं तांबडं? विटेसारखं की डाळिंबासारखं?"

मी कुपी उजेडात धरली. नऊ वर्षांपर्यंतचे रंग त्यांच्याजवळ होते, आणि त्यांतला नेमका कुठला ते मला शोधून द्यायचा होता. "डाळिंबाचा रस पाण्यात घातल्यासारखं. आरपार दिसणारं."

"आलं लक्षात," ते म्हणाले, आणि इंजेक्शन टोचलं तेव्हा त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तांबडं म्हणजे काय ते मला आजवर एकानंही धड सांगितलेलं नाही," काकू म्हणाल्या. "तिखट आहे म्हणतात, गरम आहे म्हणतात. आता म्हणतात, टोचतं."

रिपोर्ट आला, अपेक्षेप्रमाणेच. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून जठर पाहून घेतलं. अस्तर झिजून पातळ झालं होतं, गाठबीठ नव्हती. इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग ठरावीक महिन्यांनी, आणि ती जन्मभर. काकांनी 'जन्मभर' ऐकून फक्त एवढंच विचारलं, की दुखरी बाजू बदलता येईल ना.

मी मॅनेजरला पत्र लिहिलं: हा म्हातारपणाचा नाही, उपचार होण्यासारखा आजार आहे, सहा महिने कोणताही निर्णय घेऊ नये. पत्र काकांच्या हाती दिलं. ते पत्र द्यायला गेले, पण मॅनेजरच्या केबिनमध्ये जायच्या आधी त्यांनी मेकॅनिकला बोलावणं पाठवलं. सगळे कामावर असताना, सगळ्यांसमोर, कारण बोल लावला तोही सगळ्यांसमोरच होता. म्हणाले, "मशीन ठीक होतं. बिघाड इकडे होता. मला माफ करा." हे मला मेकॅनिकनंच सांगितलं, पुढच्या आठवड्यात तो कंबर धरून माझ्याकडे आला होता. "मी म्हटलं, काका, तुमचंही सर्व्हिसिंग राहिलं होतं का? तर एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

आठवड्याभरात जिभेची आग थांबली. तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर रंग आला, तो मी काकूंना सांगितला आणि त्यांनी काकांना. पण बोटं मात्र आधी बिघडली. त्यांत मुंग्या येऊ लागल्या, सुया टोचाव्यात तशा; काका कासावीस व्हायचे. मी म्हणायचे, झोपलेली नस जागी होताना असं करते, आणि ते म्हणायचे, मग तिला म्हणावं हळू उठ. दीड महिना असा गेला. एकदा काकूंनी मला फोन करून सांगितलं की ते कपाटातली पुस्तकं बांधून कुणाला तरी देऊन टाकायला निघालेत. मी म्हटलं, मी काही आता येऊ शकत नाही, तुम्हीच काहीतरी करा. त्या म्हणाल्या, "केलंय. दोरी लपवलीय."

तिसऱ्या महिन्यात काकांची धाकटी बहीण आली. ती दुसऱ्या गावी राहायची, डोळस होती, पन्नाशीची, शिवणकाम शिकवायची. काकांनी फोनवर पिच्छा पुरवून तिला तपासणीसाठी बोलावून घेतलं होतं.

"मी ठणठणीत आहे," ती बसता बसता म्हणाली. "दादाच्या हट्टापायी आले."

मी सगळं तपासलं, रक्त पाठवलं. ती खरंच ठणठणीत होती; पुढे रक्ताचा रिपोर्टही तसाच आला. बटण लावता लावता तिनं विचारलं, "आईचं दादानं सांगितलं तुम्हाला?"

"थोडं. ते तर वसतिगृहात होते. तुम्ही घरात होतात."

"मी आठ-नऊ वर्षांची होते. आई सारखी थंड पाणी तोंडात धरून बसायची. मी विचारलं तर जीभ दाखवायची. लाल, अगदी सोललेली. मला भीती वाटायची. आणि चेहरा हा असा पिवळा. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया आजारी पडल्या की अशाच होतात."

"हे तुम्ही दादाला कधी सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही. आणि दादाजवळ आईचं कुणी काढायचंच नाही, असा घरातला नियम होता. त्याला लागेल म्हणून."

मी तिला म्हटलं, जा आणि सांगा. आजच सांगा.

तिनं सांगितलं. कसं सांगितलं, ते मला ठाऊक नाही. पुढच्या इंजेक्शनला काका आले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. फक्त निघताना दाराशी थांबून ते म्हणाले, "आईलाही तिखट सोसत नव्हतं म्हणे," आणि ते ज्या सुरात म्हणाले त्यात बऱ्याच दिवसांनी दुखणं नव्हतं. आईविषयी एखादी साधी गोष्ट कळावी, तसं ते होतं.

चौथ्या महिन्याच्या शेवटी डाव्या तर्जनीला कापसाची वात कळू लागली. मग मधल्या बोटाला. उजवा हात मागेच राहिला. त्या बोटांवर कुणीतरी पातळ हातमोजा चढवलाय असं काका सांगत. जन्मभर ते उजव्या हातानं वाचत आले होते आणि डावा नुसता ओळ धरून ठेवायचा. आता ते उलट शिकायला बसले. शेजारच्या टेबलावरची ती झरझर वाचणारी मुलगी रोज अर्धा तास त्यांच्यापाशी बसायची. सुरुवातीला मुलांच्या पहिल्या पुस्तकातली मोठी, विरळ टिंबं. काकांना त्याची लाज वाटायची. त्या मुलीनं सांगितलं, काका, मला तुम्हीच शिकवलंत ना, आता वसूल करू द्या.

सहा महिने झाल्यावर त्यांनी मॅनेजरला स्वतःच हिशेब दिला: पूर्वी दिवसाला ऐंशी पानं व्हायची, आता पंचेचाळीस होतील, चुका मात्र एकही सुटणार नाहीत. मॅनेजरनं त्यांना अर्धा दिवस कामावर ठेवलं. पायांची जाणीव घोट्यांपर्यंत परत आली, तळव्यांत आलीच नाही. एकट्यानं रस्ता ओलांडायचा नाही, हे त्यांनी कुरकुरत मान्य केलं. मी गेल्या वर्षभराची फिकट पेशंटांची कार्डं काढून बसले आणि ज्यांना कारण न विचारता गोळ्या दिल्या होत्या अशा अकराजणांना परत बोलावलं. नऊजणांना खरोखरच लोह कमी होतं, त्यांतल्या एकाला अंगावर काढलेली मूळव्याध होती, दोघांचा शोध अजून चालू आहे.

परवा काका-काकू ठरल्या तारखेला आले. इंजेक्शन झालं. दुखरी बाजू या वेळी उजवी होती.

"वाचन कसं चाललंय?" मी विचारलं.

"घरी रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचतो. हिला ऐकायला आवडतं."

"मी झोपते," काकू म्हणाल्या. "फार हळू वाचतात हो. कर्ता आला की क्रियापदापर्यंत माझा डोळा लागतो."

"मग गोष्ट कळते कशी?"

"दुसऱ्या दिवशी मी तेच प्रकरण स्वतः वाचते. यांना सांगू नका."

"मी इथेच बसलोय," काका म्हणाले.

काकू उठल्या, दोन्ही काठ्या चाचपून घेतल्या, एक काकांच्या हातात दिली. बाईंनी दार उघडून धरलं. बाहेर बाकावर पाच-सहा जण थांबले होते. पहिल्या नंबराची बाई आत आली, बसली, आणि म्हणाली, डॉक्टर, काही नाही, नुसता थकवा येतो.

मी पेन खाली ठेवलं आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं.